एक पाखरू, दोन रंग आणि नावांचा घोळ

वैशाख सरत आला. पेरण्या तोंडावर, घर शाकारायचं राहिलंय, सरपण आत टाकायचंय, आणि ही बाई रेडिओवर पाखराची गोष्ट सांगायला बसलीय, असं तुम्ही म्हणाल. पण या पाखराचं घरटं बांधायचे दिवस हेच आहेत. शिवाय आपल्या गावांतून ग्रामपंचायतीची लोक जैवविविधता नोंदवही भरायची असते. २००२ सालच्या जैवविविधता कायद्यात ती सांगितली आहे. गावच्या शिवारात कोणती झाडं, कोणते मासे, कोणती पाखरं आहेत, हे गावातल्याच माणसांना विचारून त्या वहीत लिहायचं. पाण्याला, शेणीला, सरपणाला रोज रानात जाणाऱ्या आपणच, म्हणून ते आपल्यालाच विचारायला हवं. आणि पाखरांच्या पानावर एका पाखराचा हमखास घोळ होतो.

त्याचं पुस्तकातलं नाव स्वर्गीय नर्तक. नाव जरा नाटकी आहे, पण पाखरू बघितलं की पटतं. अंगानं बुलबुलाएवढं. डोकं काळंभोर, त्यावर बुलबुलासारखाच तुरा, डोळ्याभोवती निळी कड. बाकी सगळं अंग दुधासारखं पांढरं. आणि शेपटीच्या मधली दोन पिसं इतकी लांब, की फूटभर भरतील. ओढ्याच्या सावलीतून ते उडालं की मागे पांढरी फीत लहरत जाते. तोंड उघडलं की मात्र कर्कश, घोगरं काहीतरी बोलतं. विणीच्या दिवसांत बरं गातंही. हिंदीत याला दूधराज म्हणतात आणि मध्य प्रदेशाचा तो राज्यपक्षी आहे. आपल्याकडे ओढ्याकाठची बांबूची बेटं, जुन्या आमराया, देवराया, घाटातली दाट झाडी, अशा ठिकाणी तो असतो. कर्नाळ्याच्या अभयारण्यात, सिंहगडाच्या खोऱ्यात लोक मुद्दाम त्याला बघायला जातात.

आता दुसरं पाखरू. त्याच ओढ्यावर, त्याच झाडीत. तसंच काळं डोकं, तसाच तुरा. पण पाठ आणि शेपटी विटेसारखी तांबूस, पोट पांढरट. शेपटी कधी आखूड, कधी तितकीच लांब.

वहीत काय लिहिलं जातं? पांढऱ्याला स्वर्गीय नर्तक. तांबूस आखूड शेपटीवाल्याला “बुलबुलाची एक जात”. तांबूस लांब शेपटीवाल्याला “ओळखलं नाही”. झाली तीन पाखरं. खरं तर ते एकच आहे. आखूड शेपटीची तांबूस ती मादी, किंवा अजून वयात न आलेला नर. लांब शेपटीचा तांबूस हाही नरच. आणि पांढरा तो पुरा वाढलेला नर.

हा घोळ आपल्या अडाणीपणामुळे झाला असं कुणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका. श्रीलंकेत लोकांनी त्याला दोन नावं दिली आहेत. पांढऱ्याला तिकडच्या सिंहली भाषेत म्हणतात ‘रेदी होरा’, म्हणजे कापडचोर. कुणाचं तरी पांढरं कापड पळवून ते मागे फडकवत चाललाय. तांबूस असतो त्याला म्हणतात ‘गिनी होरा’, म्हणजे आगचोर. शिकलेल्या पक्षीतज्ज्ञांचंही तेच झालं. एकोणिसाव्या शतकात बराच काळ त्यांच्यात वाद होता, की पांढरा आणि तांबूस या दोन जाती, की एकच. मग कुणी पांढरा नर आणि तांबूस मादी एकाच घरट्यावर पाहिली. कुणाला अर्धी पिसं तांबूस आणि अर्धी पांढरी असा रंग बदलणारा नर सापडला. असं करत करत कोडं सुटलं.

पुरतं सुटलं असंही नाही. नराला लांब शेपटी येते ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. पुढे तो पांढरा होतो असं पुस्तकात असतं. पण सगळेच नर होत नाहीत. श्रीलंकेत कायम राहणारे नर जन्मभर तांबूसच असतात. तिथे जो पांढरा कापडचोर दिसतो तो भारतातून हिवाळ्यापुरता आलेला पाहुणा. म्हणजे एकाच जातीतल्या एका घरात म्हातारपणी केस पिकतात आणि दुसऱ्या घरात पिकतच नाहीत, तसं काहीसं.

आता यात बिघडलं काय? दोन नावं लिहिली तर लिहिली. बिघडतं ते मोजताना. पांढरा दिसला तरच नोंद करायची, असं झालं तर आपण फक्त पुरे वाढलेले नर मोजतो, आणि तेही सगळे नाहीत. माद्या गेल्या, तरणे नर गेले, पिल्लं गेली. गावात पाखरं दहा असली तर वहीत दोन-तीन लागतात. उद्या ओढ्याकाठचं बांबूचं बेट तोडायचा विषय निघाला आणि कुणी वही उघडली, तर तिथे काय दिसेल? इथे क्वचित एखादा दिसतो. माणसांची मोजणी करताना फेटेवाले तेवढे मोजले आणि घर भरलं असं सांगितलं, तर आपण गप्प बसू का?

म्हणून आधी नात्याची गोष्ट समजून घेऊ. पाखरांची नाती कशी ठरवतात, आणि या पाखराला अडीचशे वर्षांत किती घरं बदलावी लागली, ते सांगते. गंमत आहे त्यात.

शास्त्राच्या मराठी पुस्तकांत जाती, प्रजाती आणि कुल असे तीन शब्द येतात. एकमेकांत जोडी जमवून जे वंश चालवतात ते एका जातीचे. जवळच्या जाती मिळून एक प्रजाती, म्हणजे चुलत भावंडांची भावकी समजा. आणि अशा भावक्या मिळून एक कुल. (इथली जाती आणि माणसांतली जात एक नव्हे बरं का. तिकडची निसर्गानं केलीय, इकडची आपणच करून ठेवलीय.) शास्त्रातलं नाव दोन शब्दांचं असतं. पहिला शब्द भावकीचा, दुसरा त्या जातीचा. आपण आडनाव मागे लावतो, ते पुढे लावतात.

ही दोन शब्दी नावांची पद्धत रूढ केली ती स्वीडनच्या कार्ल लिनियस नावाच्या शास्त्रज्ञानं. १७५८ साली त्यानं आपल्या या पाखराला नाव दिलं. तो भारतात कधी आला नव्हता. दूरदेशची बरीच पाखरं त्यानं आधीच्या लोकांची चित्रं आणि वर्णनं वाचूनच यादीत घातली. तर त्यानं नाव दिलं ‘कॉर्वस पॅरॅडिसी’. पॅरॅडिसी म्हणजे स्वर्गातला. आणि कॉर्वस म्हणजे काय असेल? कावळा. स्वर्गातला कावळा. हसलात ना? पुढच्या लोकांनाही ते पटलं नाही. एवढं नाजूक पाखरू आणि कावळ्याच्या भावकीत? त्यांनी त्याला तिथून उठवलं.

१८२७ साली ग्लोगर नावाच्या जर्मन तज्ज्ञानं या पाखरांसाठी वेगळी भावकी लिहिली आणि तिचं नाव ठेवलं ‘टर्प्सिफोन’. ग्रीक भाषेतून घेतलेलं, अर्थ साधारण असा, की जिच्या आवाजानं सुख वाटतं ती. याचा घोगरा आवाज ऐकला की वाटतं, नाव ठेवणाऱ्यानं ते गाताना ऐकलं असावं, ओरडताना नाही. मध्ये बरीच वर्षं इंग्रजांच्या पुस्तकांत ‘चित्रिया’ असं दुसरंच नाव चालत होतं. शेवटी ग्लोगरचं जुनं नाव टिकलं, कारण नावांच्या बाबतीत शास्त्रात जो पहिला त्याचा मान.

भावकी झाली. कुल कोणतं? इथे सगळ्यांनी पाखराचं काम बघितलं. हे पाखरू सावलीतल्या फांदीवर ताठ बसतं. समोरून माशी, चिलट, पतंग गेला की झेप घालून हवेतच पकडतं आणि पुन्हा फांदीवर येतं. चोच बुडाशी रुंद, तिच्या कडेला राठ मिशा, पाय आखूड. चालायचं कामच नाही ना त्याला. असंच काम करणारी कितीतरी पाखरं आपल्याकडे आहेत. सगळ्यांना मिळून माशीमार म्हणायचं आणि एका मोठ्या कुलात घालायचं, असं ठरलं. निळ्या पाठीचा आणि नारिंगी छातीचा माशीमार तिथेच. शेपटीचा पंखा उघडून झाडाझाडांत नाचणारा नाचण तिथेच. आपला स्वर्गीय नर्तकही तिथेच. आपल्या वाचण्यात येणारी बरीच जुनी पुस्तकं अजून तसंच सांगतात. त्यांचा दोष नाही, ती लिहिली तेव्हा तेच बरोबर होतं.

पण विचार करा. गावात पाच जण शिवणकाम करतात. म्हणून ते पाचही जण एका कुळातले होतील का? एकसारखं काम केलं की हात तसेच होतात. नांगर धरणाऱ्याच्या तळहाताला घट्टे पडतात, मग तो कुठल्याही घरातला असो. पाखरांचंही तसंच आहे. हवेतली माशी पकडायची तर रुंद चोच उपयोगी, मिशा उपयोगी, आखूड पाय पुरतात. लाखो वर्षं तेच काम केलं की वेगवेगळ्या घराण्यांतली पाखरं एकसारखी दिसू लागतात. दिसण्यावरून नातं सांगायला गेलं की फसगत होते ती इथे.

मग नातं कळायचं कसं? अमेरिकेत चार्ल्स सिबली नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी आधी अंड्यांवर काम केलं. अंड्यातला पांढरा भाग घेऊन वेगवेगळ्या पाखरांत तो किती सारखा आहे ते तपासलं. स्वयंपाकघरात शोभेल असं काम, नाही का? त्यातून थोडंच हाती लागलं. पुढे त्यांनी जॉन अहलक्विस्ट यांच्याबरोबर डीएनए तपासायला घेतला. डीएनए म्हणजे प्रत्येक जिवाच्या पेशीत असतो तो आईबापांकडून आलेला धागा. त्यावर त्या जिवाची सगळी घडण लिहिलेली असते. हा धागा दुपदरी असतो. आपल्या पिशवीला चेन असते ना, तिचे दोन पदर दातात दात अडकून बसतात, तसा. गरम केला की दोन पदर सुटतात, निवला की परत जुळतात.

त्यांनी केलं काय, तर एका जातीच्या पाखराचा एक पदर आणि दुसऱ्या जातीच्या पाखराचा दुसरा पदर, असे एकत्र करून निवू दिले. दोघं जवळचे नातलग असतील तर दाताला दात नीट बसतो आणि तो धागा सुटायला जास्त ऊन लागतं. दूरचे असतील तर दात मधेमधे बसतच नाहीत, आणि थोड्या उष्णतेनंही धागा सुटतो. किती उष्णतेला सुटला ते मोजायचं. त्यावरून नातं किती जवळचं ते कळतं. अशी हजारो मोजमापं करून त्यांनी १९९० साली जगभरच्या पाखरांची नवी वंशावळ पुस्तकरूपानं छापली. त्यातल्या काही गोष्टी पुढे चुकीच्या ठरल्या. आता तर डीएनए थेट अक्षरासारखा वाचता येतो. पण आपल्या पाखराबद्दल त्यांनी जे म्हटलं ते मोठ्या अंगानं खरं निघालं.

काय म्हटलं? स्वर्गीय नर्तक हा खऱ्या माशीमारांचा कुणी नाही. त्याचं कुल वेगळं. आज त्या कुलाला मोनार्क म्हणतात, म्हणजे राजाचं घराणं. मानेवर काळा ठिपका असलेलं एक निळंशार चिमुकलं पाखरू आपल्या घाटातल्या झाडीत असतं, ते याच्या कुलातलं. नाचण याच्या जवळचा पाहुणा. कोतवाल, तोच काळा, दुभंगलेल्या शेपटीचा, गुरांच्या पाठीवर बसणारा, तोही जवळचा. आणि ही सगळी मंडळी एका मोठ्या शाखेवर कुणाबरोबर बसतात? कावळ्याबरोबर.

म्हणजे लिनियसनं ज्याला हसण्यासारखं नाव दिलं, ते कुठल्या कुठे जाऊन खरं निघालं. त्याला डीएनए ठाऊक नव्हता, हे पाखरू त्यानं रानात पाहिलंही नव्हतं. त्याचा नेम चुकून बसला असंच मी म्हणेन. तरी सव्वादोनशे वर्षं फिरून पाखरू कावळ्याच्या अंगणात परत आलं हे काही कमी नाही.

आणि खऱ्या माशीमारांच्या कुलात कोण निघालं माहीत आहे? आपला दयाळ. पहाटे घराच्या वळचणीवर बसून शीळ घालणारा काळा-पांढरा दयाळ, आणि त्याच्यासारखाच कुंपणावर शेपटी उभारून बसणारा चीरक. या दोघांना आधी भलतीकडेच, कस्तुराच्या घरात धरलं होतं. ते हवेत माशा पकडत बसत नाहीत, जमिनीवरचे किडे टिपतात. तरी रक्तानं ते माशीमार. काम एक, कूळ दुसरं.

आता टर्प्सिफोनच्या भावकीकडे येऊ. आफ्रिका, हिंदी महासागरातली बेटं आणि आशिया मिळून तिच्यात सोळा-सतरा जाती आहेत. बहुतेक गरम मुलखातल्या, झाडीतल्या. किती जाती हे मोजणाराप्रमाणे थोडं बदलतं. आफ्रिकेत तर दोन जातींचे मुलूख जिथे भिडतात तिथे त्यांच्यात सोयरीकही होते, मग रेघ कुठे ओढायची हा प्रश्न येतोच. आपल्याच पाखराचं घ्या. २०१५ सालापर्यंत तुर्कस्तानच्या पलीकडच्या मध्य आशियापासून भारत, चीन, इंडोनेशियापर्यंत सगळीकडे एकच जात आहे असं धरत होते. मग आवाज, पिसं, डीएनए यांचा ताळा घेऊन त्याच्या तीन जाती केल्या. एक आपली, एक आग्नेय आशियातली आणि एक चीन-कोरियाकडची. एकत्र कुटुंबाची वाटणी झाली म्हणा. आपल्या वाट्याला आलेलं पाखरू आज जगात संकटात धरलेलं नाही. पण वाटणी झाल्यावर नकाशावरचा त्याचा मुलूख आधीपेक्षा लहान झाला, हेही खरं.

जपानमध्ये या भावकीतली जी जात आहे तिचं तिकडचं नाव सानकोचो, म्हणजे तीन उजेडांचं पाखरू. त्याचं गाणं तिथल्या लोकांना ‘त्सुकी, ही, होशी’ असं ऐकू येतं. चंद्र, सूर्य, तारा. मॉरिशसला एकोणिसाव्या शतकात आपल्याकडून मजुरीला गेलेल्या मराठी माणसांची घरं अजून आहेत. तिथल्या उरल्यासुरल्या जंगलातही हे एक आहे. तिथल्या नराला लांब शेपटीच नाही. लोक त्याला रानातला कोंबडा अशा अर्थाच्या नावानं ओळखतात.

पण मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते सेशेल्स बेटांबद्दल. आफ्रिकेच्या पूर्वेला, समुद्रात. तिथला नर सबंध काळा, निळसर चमक असलेला, मागे लांब काळी शेपटी. मादी तांबूस पाठीची, पांढऱ्या पोटाची, काळ्या डोक्याची. त्या लोकांची भाषा फ्रेंचवरून आलेली. त्यांनी पाखराला नाव दिलं ‘वेव’. वेव म्हणजे विधवा. तिकडे नवरा गेल्यावर बाईनं काळे कपडे घालायची रीत होती, आणि पाखराची काळी शेपटी त्या झग्यासारखी दिसली. आता गंमत बघा, काळं पाखरू नर आहे. विधवा म्हणून नाव पडलं ते एका बाप्याला, आणि रंगीत कपड्यातली त्याची बायको शेजारीच बसलेली.

हे पाखरू राहतं बदामाच्या आणि उंडीच्या झाडीत. बदाम म्हणजे मोठ्या पानांचा, आपल्याकडे शाळेच्या आवारात असतो तो. उंडी तर कोकणातल्या मैत्रिणींना सांगायला नको, तिच्या बियांचं तेल पूर्वी दिव्याला जाळत. तीच झाडं तिथल्या किनाऱ्याला. घरं आणि हॉटेलं बांधायला ती तोडली गेली. उंडीवर झाड वाळवणारा रोगही आला. मादी एका वेळी अंडं घालते एकच. २००० सालच्या सुमाराला ला डीग नावाच्या एकाच बेटावर ती उरली होती, तीही थोडीच. पृथ्वीवर या जातीचं दुसरं घर नाही हे ठाऊक होतं. हा कुठल्याशा दुसऱ्या पाखराचा काळा रंग आहे असं धरलं असतं, तर कुणी एवढी धडपड केली असती का, मला शंका आहे. २००८ साली तिथल्या लोकांनी तेवीस पाखरं पकडून उंदीर आणि मांजरं काढून टाकलेल्या डेनिस नावाच्या दुसऱ्या बेटावर नेऊन सोडली. तिथे ती रुजली, पिल्लं झाली. २०२० साली तिचं नाव अगदी शेवटच्या घटका मोजणाऱ्यांच्या यादीतून काढून जरा कमी धोक्याच्या यादीत घातलं. धोका संपला नाही, पण एका बेटावरचं पाखरू एकाहून जास्त बेटांवर झालं.

आपल्याकडे तेवढी टंचाई नाही. पण आपलं पाखरूही सावलीच्या, ओलाव्याच्या आधारानं जगतं. ओढा नागडा झाला, काठची करंज-जांभूळ-बांबू गेली, की ते उन्हात येऊन बसत नाही. निघूनच जातं. दुपारच्या वेळी फांदीवरून ओढ्याच्या डबक्यात सूर मारून अंघोळ करायची त्याला सवय. तेवढं पाणीही त्याला लागतं. आणि माशा-पतंग हेच खाणं, तेव्हा फवारणीचा डबा ओढ्यात धुतला तर त्याचं जेवण संपतं.

आता घरट्याचं. मे ते जुलै हे त्याचे दिवस. बारीक फांदीच्या बेचक्यात, बऱ्याचदा ओढ्यावर झुकलेल्या फांदीला, कधी हाताला येईल इतकं खाली, चहाच्या कपाएवढं नेटकं घरटं. गवताच्या काड्या आणि बारीक मुळ्या, वरून कोळिष्टकांचा लेप देऊन घट्ट बसवलेलं. अंडी तीन-चार. पंधरा दिवस ऊब दिली की पिल्लं, आणि आणखी दहा-बारा दिवसांत पिल्लं घरटं सोडतात. म्हणजे सगळा संसार महिनाभरात उरकतो. घरटं बांधणं, अंड्यावर बसणं, पिल्लांना भरवणं, सगळं दोघं मिळून करतात. पांढरा नर अंड्यावर बसला की त्याची ती फूटभर शेपटी घरट्याबाहेर लोंबत राहते. इतकी शोभा मिरवणारा बाप घरात बसून अंडी उबवतो हे काही घरांत जरा मोठ्यानं वाचून दाखवा.

कधी कधी हे जोडपं कोतवालाच्या घरट्याजवळ आपलं घरटं बांधतं. कोतवाल घरट्याच्या बाबतीत भारी भांडखोर. कावळा, शिक्रा, कुणी आलं तरी अंगावर जातो. त्याच्या शेजारी राहिलं की आपलीही राखण होते. नावाप्रमाणे कोतवालच तो, आणि आता तुम्हाला ठाऊक आहे की दूरचा भाऊबंदही. कोतवालाचं घरटं दिसलं तर आजूबाजूच्या खालच्या फांद्या नजरेनं तपासा.

नजरेनंच. हात लावू नका, फांदी वाकवू नका. हल्ली मोठाले कॅमेरे घेऊन लोक येतात. फोटो नीट यावा म्हणून घरट्याभोवतीची पानं छाटतात. पानं गेली की पिल्लांवर ऊन येतं आणि वरून कावळ्याला घरटं उघडं पडतं. असं कुणी करताना दिसलं तर गावातल्या बाईनं त्याला तिथल्या तिथे हटकायला काहीच हरकत नाही. आणि घरटं नेमकं कुठे आहे ते मोबाइलवर सगळ्यांना पाठवत बसू नका.

नोंद कशी करायची? नाव एकच लिहायचं, स्वर्गीय नर्तक. खाली पांढरे किती ते लिहा, तांबूस लांब शेपटीचे किती, तांबूस आखूड शेपटीचे किती. आखूड शेपटीचा जवळून दिसला तर गळा बघा. गळा राखाडी असेल तर मादी, काळा असेल तर तरणा नर. नीट दिसलं नाही तर नुसतं “आखूड शेपटीचा तांबूस” एवढंच लिहा, अंदाज लिहू नका. तारीख, ओढ्याचं किंवा शेताचं गावातलं नाव, झाड कोणतं, घरटं होतं का. तुमच्याकडे या पाखराला वेगळं नाव असेल तर ते आधी लिहा, पुस्तकातलं नंतर. पांढऱ्याला एक आणि तांबड्याला दुसरं अशी दोन नावं असतील तर दोन्ही लिहा, पण एकाच ओळीत.

आणि वही कुठे आहे, असं ग्रामपंचायतीत कधी विचारलंय का? कायद्यानं गावाला जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. २००४ च्या नियमांत तिच्यात निदान एक तृतीयांश बायका असाव्यात असं लिहिलं होतं. तुमच्या गावातल्या समितीत कोण बाई आहे, ते येत्या ग्रामसभेत विचारा. ती कुणाची तरी सून निघेल आणि तिलाच ठाऊक नसेल, असं पुष्कळदा होतं. तिला सोबत घ्या. पाऊस पडायच्या आत एकदा सकाळी, गुरं सोडायच्या वेळी, चौघीजणी ओढ्यापर्यंत जाऊन या. कोतवाल कुठे ओरडतोय ते ऐका आणि त्याच्या खालच्या सावलीत बघा.